खैरनार सरांची भांडी

१

आमच्या लॅबमध्ये गेल्या सहा वर्षांत एक लग्न जमलं, दोन मोडली, एकदा धूर ओढणाऱ्या हूडला आग लागली आणि एकदा माकड खिडकीतून येऊन समर्थचा डबा घेऊन गेलं. सगळं झालं. पण कुणी दुसऱ्याचं भांडं घासलं, असं मात्र या दसऱ्यापर्यंत कधी झालं नव्हतं.

भांडं म्हणजे काचेचं. लोकांना वाटतं, केमिस्ट्रीत पीएच.डी. करणारे दिवसभर रंगीत पाणी या बाटलीतून त्या बाटलीत ओततात आणि मध्येच ओरडतात, सापडलं! कसलं सापडलं अन् कसलं काय. सकाळी प्रयोग लावायचा, संध्याकाळी तो फसला हे कबूल करायचं आणि मधल्या वेळात फ्लास्क घासायचे. गोल बुडाचा, अरुंद मानेचा फ्लास्क, त्याच्या तळाशी चिकटलेला गोंद, आणि हातात लांब दांड्याचा ब्रश. गंगापूर रोडवरच्या आमच्या कॉलेजात पिढ्यान् पिढ्या एकच नियम आहे: ज्याचं भांडं त्याने घासायचं.

आणि मी, रूपाली कड, मुक्काम दिंडोरी तालुका, मला भांडी घासायचा जन्मापासून कंटाळा. लग्नकार्यात बायका पदर खोचून मोरीकडे निघाल्या की मला हमखास पोटात दुखायचं. आई म्हणायची, "हिला सासू अशी भेटू दे ना देवा!" सासू भेटली नाही, खैरनार सर भेटले.

डॉ. धनराज खैरनार, माझे गाईड. सटाण्याकडचे. एरवी बोलणं अगदी पुस्तकातलं, पण डोकं फिरलं की थेट अहिराणीवर यायचे. "हाई काय शे?" ही आरोळी तिसऱ्या मजल्यावरून निघाली की खालच्या मजल्यावर बी.एस्सी.ची पोरं आपापल्या परीक्षानळ्या सरळ धरायची. मग माझ्याकडे वळून, "तुन्हं डोकं शे का खोकं?"

त्यांच्या वस्तूला हात लावायची कुणाची छाती नव्हती. म्हणूनच मी ती युक्ती काढली. घासायचा फ्लास्क सिंकमध्ये भिजत टाकायचा आणि त्याच्या मानेला चिठ्ठी बांधायची: डॉ. खैरनार सर यांचे. हात लावू नये. सरांनी पंधरा वर्षांत एकाही फ्लास्कला हात लावलेला नाही, हे सगळ्यांना माहीत. पण चिठ्ठी असली की कुणी विचारायचं नाही, हा फ्लास्क इथे चार दिवस का पडलाय. पंधरा दिवसांत सगळी लॅब चिठ्ठ्या बांधायला लागली. सिंक तुडुंब. सगळी भांडी सरांची.

२

दसऱ्यानंतरचा सोमवार होता. एक ते दोन आमची जेवायची सुट्टी. आत खायला बंदी, म्हणून आम्ही तिघं बाहेर व्हरांड्यात सतरंजी टाकून बसतो: मी, मालेगावचा शेखर आणि पहिल्या वर्षाचा समर्थ, जो फ्रिजलासुद्धा 'एक्स्क्यूज मी' म्हणून मग उघडतो. जेवून आत गेलो, आणि शेखर भांड्यांच्या खोलीतून ओरडला.

ही खोली लॅबच्या टोकाला, धुरकट काचेच्या पार्टिशनमागे. काळ्या कडप्प्याचं लांबलचक सिंक, वरती खोकला झालेला नळ, आणि भिंतीवर लाकडी खुंट्यांची फळी. धुतलेले फ्लास्क त्या खुंट्यांवर उलटे टांगायचे. त्या दिवशी खुंट्यांवर अकरा फ्लास्क टांगले होते. लख्ख. विकत आणले तेव्हाही इतके स्वच्छ नव्हते. टोकांवरून पाणी ठिबकत होतं.

"रूपाली, तू?" शेखरने विचारलं, आणि आपल्याच प्रश्नावर त्याला एवढं हसू आलं की खाली बसला.

समर्थनेही नाही म्हटलं. त्याला खोटं बोलता येत नाही, प्रयत्न केला की शिंका येतात. मग मी भिकामामांना फोन लावला. भिकामामा आमचे जुने लॅब अटेंडंट. रिटायर होऊन तीन वर्षं झाली, पंचवटीत शेवंती विकतात. म्हटलं, जुन्या सवयीने येऊन गेले असतील.

"म्या?" मामा म्हणाले. "ताई, म्या नोकरीत असताना नाय घासली, आता काय घासतो? लय गिऱ्हाईक हाय, ठेव."

एकच गोष्ट मला खटकली. चिठ्ठ्या. अकराच्या अकरा चिठ्ठ्या सिंकमागच्या टाइल्सवर ओळीने चिकटवल्या होत्या आणि सगळ्या कोऱ्या होत्या. मी केमिस्ट आहे. ॲसिटोनने शाई निघते, पण डाग पसरतो, कागद लोळागोळा होतो. हा कागद कडक होता, पांढराफेक होता. त्यावर कधी काही लिहिलंच नव्हतं असा.

"कोण का असेना," शेखर म्हणाला, "आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन. झाकली मूठ राहू द्या. फिजिकल केमिस्ट्रीवाल्यांना कळलं तर तेही आपली भांडी आणून टाकतील."

मला पटलं. मला तर केव्हाचंच पटलं होतं.

३

रोज तेच व्हायला लागलं. एकला डबे उघडायचे, एक वीसच्या सुमाराला आतून आवाज सुरू व्हायचा. खर्र, खर्र, खर्र. फ्लास्कच्या मानेत ब्रश फिरल्याचा. मग पाण्याचा. मग शांत. समर्थने एकदा उठून दार लोटलं तर आवाज बंद. आत कुणी नाही. ब्रश खिळ्याला, कोरडा. "पाइपमधली हवा असते," मी म्हणाले. काय वाटेल ते, पण ते ऐकत जेवण छान जायचं. दुसरं कुणीतरी भांडी घासतंय या आवाजासारखं सुख नाही.

एवढं लक्षात आलं की चिठ्ठीशिवायचं भांडं घासलं जात नाही. मग काय, जो तो चिठ्ठ्या लिहीत सुटला. डॉ. खैरनार सर, डॉ. खैरनार सर. शेखरने तर छापून आणल्या.

याच सुमाराला सर निवळले.

आधी त्यांच्या बोटांवरचा पिवळा डाग गेला. तरुणपणी नायट्रिक ॲसिड सांडून पडला होता म्हणे, सर तो नव्या पोरांना दाखवून दम द्यायचे. मग मिशीतला तंबाखूचा रंग गेला. शर्टाच्या खिशावर कायम लाल शाईचा ठिपका असायचा, तोही गेला. आम्हाला वाटलं, घरी वहिनींनी मनावर घेतलं.

मग आरोळी गेली. शेखरने ऐन दुपारी महागडा कंडेन्सर फोडला. खळ्ळ! आम्ही डोळे मिटून उभे. सर केबिनमधून आले, काचांकडे पाहिलं आणि म्हणाले, "असू द्या. हाताला लागलं नाही ना?"

शेखरने निमूट सगळ्या काचा वेचल्या. संध्याकाळी म्हणाला, "रूपाली, शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं गं."

मला मात्र आनंदच झाला होता, खोटं कशाला सांगू. तीस तारखेला माझा थिसिस सबमिट करायची शेवटची मुदत होती. दोनदा वाढवून घेतलेली, आता तिसऱ्यांदा मिळणार नव्हती. तीस चुकली की रजिस्ट्रेशन रद्द, सहा वर्षं पाण्यात, आणि मी तिसाव्या वर्षी बी.एड.च्या फॉर्मसाठी रांगेत. तिकडे गावी द्राक्षबागेत छाटणी चाललेली, तरी माझे वडील अण्णा रोज फोन करायचे, "ताई, झालं का गं?" गावात पेढ्यांचं सांगून ठेवलं होतं त्यांनी. आणि सर प्रत्येक प्रकरण लाल करून परत द्यायचे. एकेका पानावर इतकं लाल की वाटावं इथे कुणीतरी कोंबडं कापलंय.

पाचवं प्रकरण परत आलं ते कोरं. एकही खूण नाही. एकशे बारा पानं, एक स्वल्पविराम बदललेला नाही.

मी नाचले. आणि मग बारा नंबरच्या पानावर मीच मुद्दाम ठेवलेली चूक दिसली. बेन्झिनला सहाऐवजी सात कार्बन काढले होते, सर वाचतात का बघायला. सात कार्बन तसेच होते. ज्या माणसाने सहा वर्षं माझा जीव खाल्ला, त्याला सात कार्बन दिसले नाहीत.

४

तेवीस तारखेला सकाळी सर हजेरीच्या मशिनपुढे उभे होते. अंगठा लावत होते. मशिन म्हणत होतं, "कृपया पुन्हा प्रयत्न करा."

सरांनी पुन्हा लावला. "कृपया पुन्हा प्रयत्न करा."

मागे प्राध्यापकांची रांग लागली. एरवी सरांनी ते मशिन भिंतीतून उपटलं असतं. ते नुसते हसत उभे होते. मी म्हटलं, "सर, अंगठा पुसून लावा ना." त्यांनी अंगठा माझ्यापुढे धरला. मी पाहिलं. त्यावर रेषा नव्हत्या. एकही नाही. चमच्याची पाठ असते ना, तसा गुळगुळीत अंगठा.

"वयोमानाने होतं," मी म्हटलं. सर बावन्नचे.

"आपण कोणत्या वर्षाला?" सरांनी विचारलं.

सहा वर्षांत या माणसाने मला खोकं म्हटलं होतं, दगड म्हटलं होतं, एकदा सगळ्या सेमिनारसमोर 'द्राक्षाचा देठ' म्हटलं होतं. 'आपण' कधी म्हटलं नव्हतं.

"सर, मी रूपाली. सहाव्या वर्षाची."

"अरे वा," सर म्हणाले. "छान चाललंय ना?"

त्या दुपारी मी दोघांना बसवलं आणि सगळं सांगितलं. शेखर म्हणाला, डॉक्टरांना दाखवू. समर्थ उठून गेला. तासाभराने लॅपटॉप घेऊन आला. बिचाऱ्याने घासलेल्या भांड्यांची रोजची संख्या लिहून ठेवली होती, का तर नोंद ठेवायची त्याला सवय. शेजारी सरांच्या आरोळ्यांची रोजची संख्या. त्याने दोन्हींचा आलेख काढला होता. सरळ रेषा. जितकी भांडी घासली, तितके सर कमी.

"ताई, माझ्या प्रयोगात इतकी सरळ रेषा कधीच आली नव्हती," समर्थ म्हणाला आणि रडायलाच लागला.

मी शास्त्राची विद्यार्थिनी. भुताखेतावर माझा विश्वास नाही. योगायोगाने रेषा सरळ येऊ शकते, हे मी त्याला पाच मिनिटं समजावून सांगितलं. मग उठले आणि सिंकमधल्या सगळ्या चिठ्ठ्या काढून टाकल्या. शेखरच्या छापील गठ्ठ्यासकट.

५

चोवीसला मी थिसिसचं प्रमाणपत्राचं पान घेऊन केबिनमध्ये गेले. "हे संशोधन माझ्या मार्गदर्शनाखाली झाले आहे," आणि खाली सरांच्या सहीची जागा. तोवर टेबलाखाली असलेला सरांचा उजवा हात वर आला, त्यांनी पेन उचललं. पेन कागदावरून फिरलं, त्यांची ती नेहमीची लपेटीदार सही, शेवटी दोन टिंबं.

कागद कोरा.

"झाली की," सर म्हणाले.

मी तेच पेन घेऊन माझ्या तळहातावर ओढलं. ठसठशीत निळी रेघ. सरांना पुन्हा दिलं. ते फिरलं. कोरा. लाल पेन दिलं. कोरा. शिक्का दिला. सरांच्या हातून शिक्कासुद्धा कागदावर उठेना.

"काही अडचण आहे का, बाळ?" सरांनी विचारलं. आवाज इतका गोड की मला ओरडावंसं वाटलं. त्यांच्या डोळ्यांत बघितलं तर तिथे राग नाही, थकवा नाही, काहीच नाही. घासून ठेवलेले.

बाहेर शेखर म्हणाला, "मी मारतो सही. दहा वेळा मारलीय, रजेच्या अर्जावर."

"आणि विद्यापीठाने फोन करून विचारलं तर? सर म्हणतील, कोण रूपाली?"

शेखरने पेन खिशात ठेवलं. मी जिन्यात बसून रडले. सहा दिवस होते. सहीसाठी रडले, हे खरंय. पण त्याहून जास्त त्या 'बाळ'साठी. माझ्या भांड्यासाठी मी माणूस भिजत घातला होता.

६

चिठ्ठ्या काढल्या, म्हणजे थांबायला हवं होतं. पंचवीसला आम्ही व्हरांड्यात बसलो होतो. भांडी सगळी टेबलांवर, घाणेरडी. सिंकमध्ये भिजवायचा टब तेवढा, रिकामा. शेखरने ठेच्याचा घास उचलला, आणि एक वीसला आतून आवाज आला.

खर्र. खर्र. खर्र.

पहिल्यापेक्षा जोरात. कुणीतरी इरेला पेटल्यासारखा.

"ताई," समर्थ हळूच म्हणाला, "आत काही राहिलंय का?"

आणि मला आठवलं. सांगायला लाज वाटते. दसऱ्याच्या आठवड्यात माझ्या शेवटच्या प्रयोगाला मी आच लावून ठेवली आणि खाली फोनवर बोलत बसले. वर येऊन बघते तर फ्लास्कच्या बुडाशी डांबर. काळंकुट्ट, दगडासारखं. सरांना सांगितलं, फ्लास्क तडकला. आणि तो फ्लास्क सिंकच्या अगदी मागच्या कोपऱ्यात, टबाखाली सारून दिला. चिठ्ठीसकट. असलं डांबर कशानेच निघत नाही. म्हणजे तो फ्लास्क अजून घासून निघाला नव्हता. म्हणजे ते अजून घासत होतं.

"मी येते," शेखर म्हणाला. घाबरला की तो बाईसारखं बोलतो. पण उठला नाही, आणि मी त्याला दोष देत नाही.

मी आत गेले. दुपारचं ऊन खिडकीतून सरळ पडलेलं, लॅब नेहमीसारखी. पार्टिशनच्या धुरकट काचेमागे काही हललं नाही. मी दार लोटलं. आवाज या वेळी थांबला नाही.

नळ बंद होता. ब्रश खिळ्याला होता, हलत नव्हता. खर्र, खर्र मात्र चालू होतं, सिंकच्या मागच्या कोपऱ्यातून, टबाखालून. स्वतःला सांगितलं, पाइप. पाइपातली हवा. मग खुंट्यांकडे लक्ष गेलं. सगळ्या खुंट्या रिकाम्या होत्या. एक सोडून.

शेवटच्या खुंटीवर ग्लोव्ह वाळत घातला होता. पाच बोटं खाली लोंबत होती आणि टोकांवरून पाणी ठिबकत होतं. अंगठ्याशेजारच्या बोटाच्या मुळाशी फिकट गोल खूण होती, वर्षानुवर्षं अंगठी घातली की पडते तशी. सर तिथे पुष्कराज घालतात.

ग्लोव्हच होता तो. आमच्याकडचे ग्लोव्ह निळे असतात, हा गव्हाळ होता.

मी पुन्हा तिकडे बघितलं नाही. शपथ घेऊन सांगते, नाही बघितलं. टब सरकवला आणि खाली साचलेल्या पाण्यात हात घातला. पाणी कोमट होतं. फ्लास्कची मान हाताला लागली. चिठ्ठी अजून होती, पण तिच्यावरचं 'डॉ.' गेलं होतं, 'खैरनार' गेलं होतं. फक्त 'सर' उरलं होतं, आणि तेही फिकट. मी ओढलं.

पलीकडून कुणीतरी ओढलं.

गावात नळावर हंड्यासाठी बायका भांडतात, तशी ओढाताण. मी लहानपणी त्यात कधी हरले नव्हते. इथे हरत होते. पायाखालची फरशी ओली, माझी चप्पल घसरायला लागली.

"सोड!" मी ओरडले. "सरांचा नाहीये हा! सोड म्हणते ना! एकही सरांचा नव्हता, आम्ही खोटं लिहिलं. सगळी भांडी आमची. हा माझा आहे. मी जाळलाय!"

आवाज थांबला. पकड सुटली नाही. वाट बघितल्यासारखी नुसती धरून ठेवलेली.

ॲप्रनच्या खिशात पेन होतं. एका हाताने काढलं, टोपण दातांनी ओढलं, आणि त्या ओल्या चिठ्ठीवर 'सर' खोडून लिहिलं: रूपाली कड.

"मी घासीन," मी म्हटलं. "स्वतः घासीन. देवाशपथ."

फ्लास्क इतक्या अलगद सुटला की मी मागच्या मागे दारावर आदळले. खुंटीवर काही नव्हतं. खाली फरशीवर पाण्याचं थारोळं होतं, एवढंच.

७

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला मी जिन्यात असतानाच वरून आवाज आला.

"हाई काय शे?"

मी धावले. शेखर धावला. समर्थ आधीच तिथे उभा होता, डोळे पुसत हसत. लॅबच्या मधोमध सर उभे, मिशी पिवळी, खिशावर लाल ठिपका, बोटावर पुष्कराज. समोर कपाटं उघडी. महिनाभरात घासून निघालेली भांडी, सगळीच्या सगळी, पुन्हा जशीच्या तशी बरबटलेली. गोंद, राळ, तेल, काय काय. एकूण एकशे सत्तावीस. समर्थने मोजली.

"कोणाची ही घाण? लॅब शे का उकिरडा शे?" सर गरजले. "आणि तू, द्राक्षाचा देठ! बेन्झिनले सात कार्बन? तुन्हं डोकं शे का खोकं?"

मी हुंदके देऊन रडायला लागले. सरांना वाटलं, बोलणं जास्तच लागलं. "बरं, बरं," ते ओशाळून म्हणाले, "रडायला काय झालं. आण ते पान."

सही झाली. निळीशार, दोन टिंबांसकट. शिवाय एक्केचाळीस दुरुस्त्या, लालभडक, चार दिवसांत करून आणायच्या. मी ती पानं छातीशी धरली.

भांड्यांची शिक्षा सरांनी जागच्या जागी सुनावली: ज्याचं भांडं त्याने, आजच्या आज. शेखरने दोन दिवस घासली. हाताची सालं निघाली. "आमच्या मालेगावात पॉवरलूम इतका वेळ चालत नाही," म्हणाला. समर्थने आपली घासून शेखरची दहा घासली, आणि लॅबच्या इतिहासात असं पहिल्यांदा घडलं.

मी? मला एक्केचाळीस दुरुस्त्या होत्या. छपाई होती, बाइंडिंग होतं. बाकीची माझी भांडी समर्थच्या गळ्यात मारली. तो जळका फ्लास्क मात्र मी कुणाला दिला नाही, तेवढी अक्कल होती. चिठ्ठीसकट कापडात गुंडाळला आणि माझ्या टेबलाखालच्या कपाटात कुलूप लावून ठेवला. कोरडा. सिंकपासून लांब. म्हटलं, एकदा सबमिशन होऊ दे, मग निवांत बसून घासू. कुठे पळून जातोय.

८

तीस तारखेला अण्णा छाटणीला मजूर लावून स्वतः आले. धोतर नवं, टोपी कडक. पेढ्यांचा बॉक्स त्यांनी मांडीवरून खाली ठेवला नाही. विद्यापीठाच्या कचेरीत थिसिस हातात घेऊन दहा वेळा वरचं सोनेरी नाव वाचलं, बोट फिरवून. "र ला दीर्घ ऊकार," म्हणाले. "बरोबर काढलाय."

काउंटरवर उज्वला मॅडम होत्या, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. त्यांनी प्रमाणपत्र पाहिलं, सही पाहिली, पानं मोजली, शिक्का मारला. माझ्या जिवावरचं सहा वर्षांचं ओझं उतरलं.

"आता इथे अंगठा लावा," त्या म्हणाल्या. "ओळख पटली की पावती निघते. साडेपाचला मशिन बंद होईल, लवकर."

मी अंगठा लावला.

"कृपया पुन्हा प्रयत्न करा."

ओढणीला पुसून लावला. "कृपया पुन्हा प्रयत्न करा." दुसऱ्या हाताचा लावला. तेच. भिंतीवर पाच वाजून वीस मिनिटं झाली होती. मी अंगठा उजेडाकडे धरला.

मला कपाट दिसलं, टेबलाखालचं, कुलूप लावलेलं. आत कापडात गुंडाळलेला फ्लास्क. त्याच्या मानेला चिठ्ठी, माझ्या अक्षरात.

उज्वला मॅडमनी काउंटरवरून माझा हात ओढून घेतला, अंगठा पाहिला आणि जिभेने चक् केलं.

"बायकांचं होतं हो असं, रेषाच राहत नाहीत," त्या म्हणाल्या. "घरी भांडी फार घासता वाटतं?"

अण्णांना केवढं हसू आलं. पेढ्यांचा बॉक्स उघडत, सगळ्या कचेरीला ऐकू जाईल अशा आवाजात ते कौतुकाने म्हणाले, "ही? अहो मॅडम, हिनं जन्मात कधी भांडं घासलं नाय!"